काचेच्या आतली वाफ

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, जादा खुर्च्या आणि नाताळचा मोठा तारा ठेवतात तिथे, एक फ्रीजरची पेटी असते. माणूस आडवा मावेल एवढी लांब, खाली मोटर, वर उघडायचं पारदर्शक झाकण. झाकण प्लास्टिकचं आहे, पण सगळे त्याला काचच म्हणतात. बुडाशी एक बारीक नळी आहे, तिच्यातून पाणी ठिबकतं, म्हणून खाली बादली ठेवावी लागते. मंडळीत कुणाकडे मयत झाली आणि लांबचं माणूस यायचं असलं की चार जण ती टेम्पोत चढवतात, घरी पोचवतात, आणि काम झालं की पुसून परत जागेवर आणून ठेवतात. इतकी साधी वस्तू. पण याच पेटीपायी माझा भाऊ आईची कबर उघडायला निघाला होता.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. वडील नोकरीपायी इकडे आले, नेरूळला घर झालं, पुढे वडील गेले आणि घरात आई आणि मी अशा दोघीच राहिलो. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या, त्यामुळे तो विषय संपला. मी न्हावा शेवा बंदरात, कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करते. भाऊ माझ्याहून बराच लहान, आखातात एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. आईचा सगळा जीव त्याच्यात. गोळ्या मी काढून द्यायचे, दवाखान्यात मी न्यायचे, आणि ती मला सांगायची काय, तर तो नीट जेवत नसेल. "अगं आई, तो हॉटेलात रांधतो, तो कशाला उपाशी राहील?" असं म्हटलं की म्हणायची, "तुला नाही कळायचं." नाही कळायचं तर नाही कळायचं.

आई एका सकाळी घरातच गेली. शेजारच्या बिल्डिंगमधले आमचे डॉक्टर चपला न घालता धावत आले. त्यांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, त्यावरची सरळ रेघ मलाही दाखवली. मी भावाला फोन लावला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. मग एवढंच म्हणाला, "ताई, मी येईपर्यंत माती देऊ नका. मला तिला बघायचंय." आमच्यात तोंड पाहिल्याशिवाय मूठमाती देणं जिवाला लागून राहतं, वर्षानुवर्षं माणसं ते बोलून दाखवतात. मी म्हटलं, "ये बाबा, थांबतो आम्ही." आणि चर्चमध्ये फोन करून पेटी मागवली.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. ऑगस्टचे दिवस, हवा इतकी ओली की भिंतीला हात लावला तरी चिकट लागत होती. हॉलच्या मधोमध पेटी, भोवती मंडळीतल्या बायका गीतं म्हणत बसलेल्या, आणि डोक्याशी मावशी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ऐरोलीला मुलाकडे राहते. आई गेल्याचं कळल्यापासून ती त्या पेटीजवळून उठलीच नव्हती. भाऊ बुटांसकट आत आला आणि पेटीवर वाकला. "आई," म्हणाला, "आई, मी आलो." आईच्या तोंडासमोर काचेवर वाफेचा एक डाग होता. तो त्याने तळहाताने पुसून बघितला. पुसला गेला नाही, कारण तो आतून होता. मग तो कितीतरी वेळ तसाच वाकून बघत राहिला. मला वाटलं, तोंड बघतोय. संध्याकाळच्या आत आम्ही माती देऊन घरी आलो.

तो रडला नाही. मी म्हटलं, धक्का बसलाय, उद्या रडेल. कसलं काय! उद्या नाही, परवा नाही. सांत्वनाला आलेल्यांना हात जोडायचा, चहाचे कप उचलायचा आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायचा. संध्याकाळ झाली की खाडीकाठी सारसोळ्याच्या जेट्टीवर जाऊन बसायचा. आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल त्याने मला एक अक्षर विचारलं नाही. मला राग यायचा. अरे, मी होते ना तिथे, मला विचार की! पण नाही. मला वाटायचं, याला माझं दुःख दिसतच नाहीये, आपलंच घेऊन बसलाय.

मग एका सकाळी मी डबा भरत असताना त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "हे बघ."

कुठल्या तरी ग्रुपवर फिरत आलेला व्हिडिओ होता. कुठलंसं गाव, आमच्यासारखीच पेटी, आत कुणी म्हातारे गृहस्थ, आणि काचेवर तोंडासमोर वाफेचा डाग. डाग मोठा व्हायचा, लहान व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा. त्यावर एका बाप्याचा आवाज, असा घोगरा, की ऐकणाऱ्याने घाबरायलाच पाहिजे. या पेट्या म्हणे मुद्दाम वाटल्यात. माणूस पुरता मेलेला नसतो, डॉक्टर मिळालेले असतात, पेटीत घातला की दोन-तीन तासांत थंडीने खलास. बुडाशी जी नळी असते ना, तिच्यातून गॅस सोडतात. कुणाचे डोळे, कुणाच्या किडन्या, असा सगळा मोठा धंदा आहे. आणि पेट्या येतात कुठून? तर परदेशातून, कंटेनर भरभरून, न्हावा शेवा बंदरात.

"तू तर तिथेच काम करतेस," भाऊ म्हणाला. "तुला माहीत असणार."

"हो तर! माझ्याकडे नाशिकची द्राक्षं येतात, कोळंबी येते. पेट्या राहून गेल्या तेवढ्या. आता गेल्यावर बघते कुठे ठेवल्यात ते."

"ताई, मस्करी करू नकोस."

"मग काय करू? अरे, आपली पेटी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलीय. आणली तेव्हा मी स्वतः प्रार्थनेला उभी होते. आणि त्या नळीतून गॅस सोडतात? झुरळं मारायची आहेत का? ती बर्फ वितळल्याच्या पाण्याची नळी आहे. रात्रभर बादल्या मी ओतल्यात."

तो शांतपणे म्हणाला, "मी पण बघितली. आईच्या काचेवरची वाफ. मी हाक मारली आणि वाफ वाढली, ताई. मग कमी झाली. मग परत वाढली. ती श्वास घेत होती."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तो कधी झोपलाय की नाही कोण जाणे. पुढे म्हणाला, "माझ्यासाठी ठेवली तुम्ही तिला त्यात. मी थांबा म्हटलं म्हणून. मी यायचं म्हटलं नसतं तर ती वाचली असती."

मी ऑफिसला गेलेच नाही. दिवसभर त्याला समजावत बसले. डॉक्टरांनी पट्टी काढली होती म्हटलं, तर म्हणे डॉक्टरही त्यांच्यातलेच. अरे, त्या माणसाने तुझ्या गोवरापासून तुला औषध दिलंय! तर म्हणे, माणसं बदलतात. मी म्हटलं, थंड कंटेनरचं दार कस्टमवाल्यांनी उघडलं की पांढरा धूर लोटतो बाहेर, द्राक्षं काय श्वास घेतात? तर म्हणाला, "ते द्राक्षांचं झालं. ही आई होती." जे सांगेन त्याला तो आणखी एक माणूस कटात घालायचा. संध्याकाळपर्यंत डॉक्टर, टेम्पोवाला आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब इतके जण त्यात आले होते. मी तेवढी राहिले होते, आणि तीही किती वेळ राहीन सांगता येत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी त्याने सांगितलं, की त्याने रजा वाढवून घेतली आहे, वकिलाशी बोललाय, आणि पोलिसांत अर्ज देऊन तो आईची कबर उघडायला लावणार आहे. पोस्टमॉर्टेम करायचं. थंडीने गेली की आधी गेली, ते कळेल.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "आईला बाहेर काढणार? त्या मातीतून? तिला फाडणार?" तो म्हणाला, "मला माहीत करून घ्यायचंय." तेवढंच. आवाज न चढवता. त्याने भांडण केलं असतं तर मला परवडलं असतं. त्या आठवड्यात मी दोन-तीनदा कबरीवर जाऊन आले. अजून माती खचायची होती, क्रूस कच्चा लाकडी होता, फुलं कुजली होती. तिथे फावडं पडलेलं माझ्या डोळ्यांसमोर यायचं. आईला कुणी साधी उघडी पाठ बघितलेली चालायची नाही.

मी मावशीला बोलावून घेतलं. म्हटलं, माझं ऐकत नाही, तिचं तरी ऐकेल. मावशी ऐरोलीहून आली ती दारातच रडायला लागली. त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात हातात घेतला. "लेकरा, कशाला रं तिला तरास देतोस? किती जपलं होतं मी तिला तुझ्यासाठी. एक फूल सुकू दिलं नाही. मोगऱ्याचा गजरा तिला आवडायचा, तो डोक्याशी ठेवला, आणि घडोघडी झाकण उघडून पाणी शिंपडत होते बघ. आमच्याकडे मयतीची फुलं सुकली की अवकळा वाटती. तुझी गाडी खाली आली म्हणून कुणीतरी सांगितलं, तशी उठले, तांब्याभर पाणी शिंपडलं आणि झाकण लावलं. म्हटलं, पोराला आई टवटवीत दिसली पाहिजे."

भाऊ ऐकतच नव्हता, खिडकीबाहेर बघत होता. पण माझ्या डोक्यात लख्खकन काहीतरी चमकलं. "मावशी," मी म्हटलं, "काय म्हणालीस? पाणी शिंपडलंस? आत? तो यायच्या आधी?"

"मग! चांगलं निथळेपर्यंत."

मी तिला मिठीच मारली. बिचारी घाबरली. मी भावाला म्हटलं, "तुझ्या अर्जाला कुणी हात लावत नाही. रविवारी दुपारी माझ्याबरोबर चल. तिथे जे दिसेल ते बघ, आणि मग खुशाल पोलिसांत जा. मीच रिक्षा करून देते." त्याने एकदा मावशीकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे." मला तेवढंच पाहिजे होतं.

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांना त्याच्या यादीत आपणही आहोत हे ऐकून वाईट वाटलं असणार, पण त्यांनी किल्ली काढून दिली आणि उपासना झाल्यावर माणसं लवकर घरी लावून दिली. मी, भाऊ आणि मावशी अशा तिघांनी पेटी भिंतीपासून ओढली, बटण लावलं. मोटर घरघरायला लागली. आईच्या पलंगावरची उशी मी घरून आणली होती. ती आईच्या डोक्याच्या जागी ठेवली. गजराही आणला होता, मोगऱ्याचाच. पेटी चांगली गार होईपर्यंत आम्ही बसून राहिलो. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं.

मग मी मावशीला म्हटलं, "त्या दिवशी केलंस तसंच कर."

मावशीने झाकण उघडलं. गजरा उशीच्या कडेला ठेवला, तांब्यातलं पाणी हातावर घेऊन शिंपडलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हे करताना तिचे ओठ हलत होते, कदाचित प्रार्थना म्हणत असेल. तिने झाकण लावलं आणि बाजूला झाली. थोड्या वेळाने मोटर बंद पडली, म्हणजे आपोआप पडते तशी, घरच्या फ्रीजची पडते तशी. आणि उशीच्या वर, काचेच्या आत, वाफेचा एक डाग धरला. आधी बशीएवढा. मग ताटाएवढा. भाऊ पुढे झाला. त्याने तळहाताने काच पुसली. डाग पुसला गेला नाही. मग मोटर पुन्हा सुरू झाली, आतला पंखा फिरला, आणि डाग कडेकडेने आटत लहान झाला. मोटर बंद, मोठा. मोटर चालू, लहान. आम्ही ते पुन्हा पुन्हा होताना पाहिलं. आत नुसती उशी होती, आईच्या डोक्याने पडलेल्या खळग्यासकट. आणि ती उशी श्वास घेत होती.

मावशीने तोंडाला पदर लावला. "अगं बया," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या पाण्यानं? माझ्या पाण्यामुळं पोराची ही दशा?"

"गप गं," मी म्हटलं. "तू फुलं जपलीस. बाकी काही केलं नाहीस." पण तिला हुंदका आवरेना. मी तिला खुर्चीवर बसवलं, तोच तांब्या तिच्या हातात दिला, प्यायला लावलं. खरं सांगते, मनातून मला आनंद झाला होता. जिंकल्याचा आनंद. आता अर्ज नाही, फावडं नाही, आई आपल्या जागी शांत. मी भावाकडे वळले ती जवळजवळ हसतच. म्हणणार होते, बघ, सांगत होते ना!

तो पेटीशेजारी खाली फरशीवर बसला होता. चेहरा पार उतरलेला. आई गेली तेव्हा फोनवर त्याचा आवाज जसा झाला होता तशाच आवाजात तो म्हणाला, "म्हणजे मी आलो तेव्हा ती नव्हतीच."

"नव्हती रे."

"मला वाटलं होतं, मी हाक मारली ती तिने ऐकली."

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी समजत होते की याने एक भयंकर गोष्ट डोक्यात घेतलीय आणि ती काढून टाकली की हा मोकळा होईल. ती भयंकर होतीच. पण तीत आई त्याच्यासाठी थांबली होती. विमानातून उतरून तो धावत आला, हाक मारली, आणि तिने ओ दिली होती. त्याच्यासाठी ती त्या पेटीत मेली, हे त्याला चाललं असतं. त्याच्याशिवाय मेली, हे नाही. आणि तेवढंही मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं, उशी आणि गजरा आणून, मोठ्या हुशारीने. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी पेटीचं बटण बंद केलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.

मग तो म्हणाला, "सांग मला. त्या दिवशी सकाळी काय झालं?"

आई गेल्यापासून त्याने हे पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. ती लवकर उठली, तिने स्वतः वेणी घातली, बायबल वाचलं, खांदा दुखतोय म्हणाली. मी बाम चोळला. मग ती बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसली.

"माझ्याबद्दल काही बोलली? माझं नाव घेतलं?"

समोरून मावशी मला खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. मलाही म्हणावंसं वाटलं. एका शब्दाचं काम होतं. पण ज्याला इतके दिवस खरं काय ते बघ, खरं काय ते बघ म्हणून छळलं, त्याला आता कुठल्या तोंडाने फसवू?

"नाही रे," मी म्हटलं. "चहा दिला होता मी. एक घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली."

"मग?"

"मग मी कप घेऊन किचनमध्ये गेले."

"घातलीस साखर?"

"घातली. ढवळली. चाखूनही बघितली. घेऊन बाहेर आले तर तिची मान कलली होती." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

भावाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्याने मला असं नीट पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तू पण नव्हतीस," तो म्हणाला.

मी मान हलवली. त्याने माझा हात धरला, आणि मग आम्ही दोघं भावंडं तिथेच फरशीवर बसून पोटभर रडलो.